काचेपलीकडची खुर्ची

मला त्या खुर्चीवर बसायचं होतं, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं आपली बाजू सावरून घेतली.

खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हतं. नांदेडला मी ज्या तपासणी सेंटरमध्ये काम करते तिथं सीटी स्कॅनचं मशीन आलं, त्याच्यासोबत आलेली ती काळी, चाकांची, उंच पाठीची खुर्ची. मशीन एका खोलीत, खुर्ची पलीकडच्या खोलीत आणि मध्ये जाड काच. ह्या बाजूला पेशंट आडवा असतो. त्या बाजूला एक माणूस दोन पडद्यांसमोर बसून त्याच्या शरीराच्या आतलं बघत असतो. तो माणूस मी असणार, असं मी दोन वर्षं धरून चालले होते.

धरून चालायला कारण होतं. चोवीस वर्षं मी ह्या सेंटरमध्ये एक्स-रे काढते आहे. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवून वाळत घालायचे दिवस मी काढले आहेत. त्या औषधाच्या पाण्यानं माझी नखं अशी पिवळी पडली होती की धाकट्या नणंदेच्या लग्नात मेंदी काढणारीनं विचारलं, आधीच काढून आलात का? मी मूळची देगलूरची. त्यामुळं तेलंगणातून आलेल्या म्हाताऱ्याला तेलुगूत, बिदरकडच्या बाईला कन्नडात, इथल्याच इतवारा भागातल्या चाचांना दखनीत आणि उरलेल्यांना मराठीत 'श्वास घ्या, धरा, सोडा' म्हणायला मला कधी अडलं नाही. आमचे डॉक्टर, म्हणजे सेंटरचे मालक, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सीटी येऊ द्या, मग तुम्हालाच बसायचंय तिथं." ते विसरले असतील. मी विसरले नव्हते.

मशीन आत घ्यायला भिंत फोडावी लागली. माझी एक्स-रेची खोली तीन फुटांनी लहान झाली, मी हूं की चूं केलं नाही. पूजेचा नारळ मी आणला, उदबत्ती मी लावली, मशीनला हळदीकुंकू मी वाहिलं. चौथ्या दिवशी लातूरकडची एक पोरगी आली आणि पाठीवरची सॅक काढून सरळ त्या खुर्चीवर बसली.

ती मुरुडची. वय असेल सव्वीस. लातूरला शिकलेली, पुण्यात दोन वर्षं हृदयाचे स्कॅन केलेली. आम्हा नांदेडकरांना लातूरकरांचं काही सहज पचत नाही. शिकवण्या त्यांच्या गाजणार, निकाल त्यांचे लागणार, इतकंच काय, दुष्काळ पडला तर पाणी भरून रेल्वेसुद्धा त्यांच्याकडंच जाणार. आता माझी खुर्चीही त्यांच्याकडं गेली.

पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "मावशी, प्यायचं पाणी कुठं हाय?"

बाहेर कुठं कुणी मावशी म्हटलं तर मी त्याला दोन घास जास्त वाढीन. पण दवाखान्यात मावशी म्हणजे फरशी पुसणारी, पेशंटला धरून संडासला नेणारी बाई. नर्सला सिस्टर म्हणतात, आम्हाला मॅडम. आमच्याकडं ते वरकाम करते ती जुन्या नांदेडातली मुसलमान बाई, तिला सगळे खाला म्हणतात. म्हणजे आमच्या सेंटरमध्ये मावशीची जागा रिकामीच होती, ती मला मिळाली. पोरीच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून उपयोग झाला नाही.

डॉक्टरांनी ते मशीन आणलं ते मुख्यतः एका तपासणीसाठी. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजायचं. पेशंटला समजावताना डॉक्टर बोअरच्या पाण्याचं सांगतात. "बोअरचं पाणी तापवून तापवून पातेल्याला आतून पांढरा थर बसतो की नाही, तसं." आमच्या भागात हे लगेच पटतं, सगळ्यांच्या घरी तसं एक पातेलं असतं. तपासणीला सुई नाही, औषध नाही. छातीला ईसीजीच्या पट्ट्या चिकटवायच्या, दहा-बारा सेकंद श्वास धरायचा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर निवांत असतं, तेवढ्यात मशीन चित्र घेतं. मग पडद्यावर राखाडी हृदयात पांढरे ठिपके दिसतात. खुर्चीवरचा माणूस एकेका ठिपक्यावर माऊस नेतो, हा डाव्या नळीतला, हा उजव्या, अशी खूण करतो आणि कोपऱ्यात आकडा वाढत जातो. शून्य आला तर माणूस पेढे घेऊन येतो. शेकड्यांत गेला तर डॉक्टर दार लावून बोलतात.

अट एकच, ठोके संथ पाहिजेत. साठ, फार तर पासष्ट. ते नव्वदीत गेले की चित्र हलतं, ठिपका पुसट होतो, नाहीतर दिसतच नाही. म्हणून सकाळपासून चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही.

मला काम मिळालं ते पेशंट तयार करण्याचं. गळ्यातलं काढायला लावायचं, पट्ट्या चिकटवायच्या, झोपवायचं आणि बाहेर यायचं. मशीनमध्ये 'सांस लीजिए, सांस रोकिए' असं भरून दिलेलं होतं. पोरीनं ते पहिल्याच आठवड्यात बंद केलं आणि माईकवर स्वतः बोलायला लागली. "मामा, आता लांब श्वास घ्या. हां, धरा. मी हाय इथंच. झालंच बघा." आवाज असा की म्हातारी माणसं लेकरासारखी ऐकायची. माझ्या चार भाषा काचेच्या अलीकडं गप्प उभ्या, आणि हिची एक मुरुडची मराठी सगळ्यांना पुरत होती.

रिपोर्टच्या तळाशी तपासणी करणाऱ्याचं नाव छापून यायचं. तिचं. माझ्या एक्स-रेच्या पाकिटावर माझं नाव आजवर कधी आलं नाही, आणि मीही कधी मागितलं नव्हतं. आता मात्र रोज संध्याकाळी रिपोर्ट पाकिटात घालताना माझा डोळा आधी तळाशी जायचा. मला तिचं सगळंच खुपायला लागलं. तिचे पांढरे बूट, तिच्या डब्यातली शेंगाची चटणी, डॉक्टरांनी तिला "तुला काय वाटतं?" असं विचारणं. चोवीस वर्षांत मला त्यांनी "झालं का?" ह्यापलीकडं काही विचारलं नव्हतं. घरी नवऱ्याजवळ बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "तुझ्या लेकीएवढी आहे ती." मग मी त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

आता चहाचं सांगते.

आमच्याकडं माणसं लांबून येतात. धर्माबादहून, देगलूरहून, पहाटेच्या एसटीनं. एक्स-रेसाठी बाकावर बसलेल्या माणसाला मी पहिल्यापासून चहा पाजते. समोरच्या टपरीवरून थर्मास भरून आणायचा आणि खालानं कप फिरवायचे, हे इतकी वर्षं चालत आलं आहे. चहानं एक्स-रेला काही होत नाही. आणि आल्या माणसाला कोरडं बसवायची रीत आमच्यात नाही.

पोरीनं आल्या आल्या भर बाकांसमोर सांगितलं, "मावशी, स्कॅनच्या पेशंटला च्या देत जाऊ नका. ठोके वाढतेत."

बरोबरच होतं ते. पण माझा चहा बंद करणारी ही कोण, असं माझ्या मनात आलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं.

पहिल्यांदा झालं ते खरोखर चुकून. धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी चहा पिऊन आत गेले. ठोके पंच्याण्णव. चित्र असं हललं की पुन्हा काढावं लागलं, ते व्यापारी बाहेर येऊन कुरकुरले. डॉक्टर काचेच्या खोलीत जाऊन तिला म्हणाले, "पुण्यात असंच करत होतीस का?" काच जाड असली तरी दार उघडं होतं. मला त्या दिवशी दुपारचा डबा फार गोड लागला.

त्यानंतरचं चुकून नव्हतं. मी खालाला सांगितलं, "लांबून आलेल्याला चहा द्यायचा. कुठल्याही तपासणीचा असो."

ती थर्मास हातात धरून थांबली. "बाजी, स्कॅनवाल्यांना पण? उस लडकी ने तो मना किया."

"मी सांगते आहे ना? दे."

"अच्छा बाजी. तुम बोले तो देतूं."

बाजी म्हणजे मोठी बहीण. तिच्यासाठी माझा शब्द शेवटचा. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

मी मनाची समजूत घातली होती. चहाच तर आहे, विष नाही. चित्र हललं तर पुन्हा काढतील. पुन्हा काढायचं म्हणजे त्या माणसाच्या अंगातून दुसऱ्यांदा किरणं जाणार, हे मला नाही तर कुणाला माहीत असणार? शिशाचा एप्रन घालून चोवीस वर्षं काढलेली बाई मी. तरीही चालू ठेवलं. आठवड्यातून एखादा, कधी दोन. पोरगी पेशंटला विचारायची, "च्या घेतला का?" आणि माणसं सरळ नाही म्हणायची. कुणी मायेनं चहा पाजला, त्याची चुगली कशी करायची? पाजणाऱ्याला बोल लागू नये म्हणून आमच्याकडची माणसं देवाच्या दारातही खोटं बोलतील. हे मुरुडच्या पोरीला कळायला पाहिजे होतं. पण पुण्यात राहून तिला त्या गोष्टीचा विसर पडला असावा.

महिन्याभरात तिचा चेहरा उतरला. पट्ट्या दोनदोनदा तपासायची, वायरी बदलायची, मशीनच्या कंपनीला फोन लावायची. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मागची हललेली चित्रं बघत बसायची. एकदा जिन्यात ती आईशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "मलाच जमंना झालंय बहुतेक. इथं काय खरं न्हाई माझं." डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर दुसरी सोय करतो. आणि मला बोलावून म्हणाले, "तुम्ही थोडं थोडं शिकून घ्या तिच्याकडून. वेळेला उपयोगी पडेल."

मी त्या दिवशी घरी जाताना रिक्षात एकटीच हसत होते. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते. पण तेव्हा हसले होते, ते खरं.

पोरीनं शिकवायला जराही कुचराई केली नाही. "मावशी, खुर्ची एकच हाय, उभ्यानंच बघा," म्हणाली, आणि मी तिच्या पाठीमागं उभी राहून बघायची. ही डावी नळी, हिचा हा फाटा, ही उजवी. "उजवी लई हलती बघा. ठोके जरा वाढले की पहिल्यांदा हीच पुसट होती. हिच्यावर कधी भरवसा ठेवायचा न्हाई." कुठला पांढरा ठिपका हाडाचा, कुठला नळीतला, हे ती एका नजरेत सांगायची. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, महिनाअखेर लांब नाही.

त्याच दिवसांत अण्णांचं ठरलं. अण्णा माझे थोरले भाऊ, देगलूरला कापडाचं दुकान आहे. आमचे वडील त्याच दुकानात, गिऱ्हाइकासमोर लुगड्याची घडी उलगडता उलगडता गेले. आधी छातीत कळ नाही, घाम नाही, काही नाही. पंचावन्न वर्षांचे होते. अण्णांना ह्या वर्षी पंचावन्नावं लागलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. अण्णांना कसलाच त्रास नव्हता, आणि मला भीती होती ती त्याचीच. आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे अण्णा. भाऊबीजेला मी ओवाळते तो हा एकच माणूस. भांडून, शपथा घालून त्यांना तपासणीला यायला लावलं. फोनवर बजावलं, "सकाळपासून चहा नाही, तंबाखू नाही. कुणी दिला तरी नाही."

"हाव गं बाई, तू म्हणल्यावर कशाला घेतो?" मला ते बाई म्हणतात.

मंगळवारी ते आले. चहावाचून डोकं ठणकायलंय म्हणाले. मी त्यांना बाकावर बसवलं, त्यांचा फॉर्म भरला, त्यात वडिलांचं लिहिलं. तेवढ्यात माझ्या खोलीत मोटारसायकलवरून पडलेला एक माणूस आणला, हात दोन ठिकाणी मोडलेला. त्याच्यात पाऊण तास गेला, तेवढ्यात अण्णांना पोरीनंच तयार करून आत घेतलं. खालाला काही सांगायचं माझ्या ध्यानात आलं नाही. विसरले असंही म्हणता येणार नाही. अण्णा म्हणजे स्कॅनचा पेशंट, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. पेशंट म्हणजे दुसरी माणसं.

मी हात धुवून बाहेर आले तेव्हा अण्णा शर्टाची बटणं लावत हसत येत होते.

"छत्तीस निघालं म्हणे! डॉक्टर म्हणले, काळजीचं काय न्हाई. कागद घ्या अन् जावा."

मी तिथंच हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

"आन् बाई, तुझा च्या लई भारी होता. जिवात जीव आला बघ."

"कुठला चहा?"

"तूच धाडलास की. त्या बाईनं दोन कप दिले. म्हणली, बाजीचा हुकूम हाय. मला वाटलं, झाली मोकळीक."

"आत विचारलं नाही का तुम्हाला, चहा घेतला का म्हणून?"

"त्या पोरीनं इचारलं ना. चारदा इचारलं. मी म्हणलो, न्हाई." अण्णांनी आवाज खाली केला. "तू दिलास असं कसं सांगू? तुझ्या नोकरीचा सवाल."

खाला कोपऱ्यात कप विसळत होती. माझ्याकडं बघून हसली. "बाजी, तुमचे भाई म्हणून शक्कर ज्यादा डाली मैंने."

मी काचेच्या खोलीकडं वळले.

काचेच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत पोरगी डॉक्टरांना सांगत होती, "उजवी नळी हललीय सर. जिथं पांढरं असल्यावानी वाटतंय, नेमकं तिथंच. ठोके चौऱ्याण्णव होते. मला हा आकडा खरा वाटंना. दुपारी पुन्हा काढू द्या."

"पुन्हा, पुन्हा! ह्या महिन्यात किती वेळा पुन्हा? दिसतंय तेवढं लिही. पेशंटला त्रास तरी काय आहे?"

"त्यांच्या वडिलांनाबी त्रास नव्हता सर. तसेच गेले ते. फॉर्मवर लिहिलंय."

फॉर्म मी लिहिला होता. डॉक्टरांनी वाचला नव्हता, हिनं वाचला होता. आणि मला तेव्हा सगळ्यात आधी काय वाटलं असेल? हेवा. इतकं सगळं कळल्यावरही हेवाच. माझ्या भावासाठी भांडायला मी पाहिजे होते आणि भांडत होती ती. जिची नोकरी महिनाअखेरीला जायची होती ती पोरगी, ओळख ना पाळख अशा माणसासाठी मालकाशी वाद घालत होती. खुर्ची एक वेळ ठीक आहे. पण ही जागा माझी होती, आणि तीही तिनं घेतली होती.

गप्प राहिले तर काय होईल, ते सगळं मला दिसलं. अण्णा दोनच्या एसटीनं देगलूरला जातील. छत्तीसचा कागद देवाजवळ ठेवतील. वहिनी गल्लीत पेढे वाटेल. महिना संपला की पोरगी मुरुडला जाईल आणि खुर्ची मला मिळेल. शिवाय छत्तीस खरंही असू शकेल, का नसावं? मी वळून बघितलं. अण्णा खालाला तिच्या लेकरांचं विचारत बाकावर बसले होते आणि त्यांचा उजवा हात उगाच मांडीवरच्या टॉवेलाची घडी नीट करत होता. वडिलांचा हात असाच चालायचा. कापडवाल्यांना हात रिकामा ठेवता येत नाही.

मी आत गेले. "त्यांनी चहा घेतलाय," मी म्हणाले. "दोन कप."

"ते तर न्हाई म्हणले," पोरगी म्हणाली.

"खोटं बोलले. मला सांभाळायला. चहा मीच द्यायला लावला होता. ह्यांनाच नाही. त्या मिरचीच्या व्यापाऱ्यांनंतर ज्यांची ज्यांची चित्रं हलली, त्या सगळ्यांना. मुद्दाम."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढं ते मला बरंच बोलले, त्या दिवशी आणि नंतरही, आणि ते मला मिळायलाच पाहिजे होतं. तेव्हा मात्र त्यांनी ठोके उतरायची गोळी लिहून दिली आणि चार वाजता पुन्हा घेऊ एवढंच म्हणाले. पोरीनं टेबलाच्या खणातून वायरींचं भेंडोळं काढलं, महिनाभर ती जे बदलत बसली होती ते, आणि माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

अण्णांची एसटी गेली. दुपारभर ते आतल्या खाटेवर पडून राहिले. खाला दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली. तिला मी सांगितलं होतं की तुझी काही चूक नाही, पण तिनं थर्मास उपडा करून ठेवला होता. चार वाजता मी अण्णांना मशीनवर झोपवलं, पट्ट्या चिकटवल्या.

"माझ्यामुळं काय झालं का गं?" अण्णांनी हळूच विचारलं.

"तुमच्यामुळं नाही. माझ्यामुळं."

ठोके साठ. मी काचेच्या खोलीत येऊन तिच्या मागं उभी राहिले. तिनं माईकचं बटण दाबलं. "मामा, लांब श्वास घ्या. हां, धरा. मी हाय इथंच. झालंच बघा." रोजचाच आवाज. मी मागं उभी असूनही त्यात कणभर फरक नव्हता. मला ते जमलं नसतं. मी तिच्या जागी असते तर तो राग त्या बिचाऱ्या पेशंटच्या कानापर्यंत गेला असता. हे कबूल करतानाही माझ्या पोटात दुखलं.

चित्रं आली. ह्या वेळी काहीच हललेलं नव्हतं. पोरीनं माऊस हातात घेतला, मग सोडून दिला. उठली आणि खुर्ची माझ्याकडं ढकलली.

"बसा."

"अगं, आत्ता..."

"बसा की. ह्याच्यासाठीच चाललं होतं ना समदं? बसा."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. मी बसले. खुर्ची माझ्या वजनानं जरा मागं सरकली. समोर माझ्या भावाचं हृदय होतं, राखाडी, आणि त्यात पहिला पांढरा ठिपका.

"ही डावी. त्याच्यावर न्या. दाबा."

दाबलं. ठिपका रंगला, कोपऱ्यात अठरा आला. पुढचं चित्र. दाबलं. एकेचाळीस.

"तो हाडाचा हाय, सोडा. आता उजवी."

सकाळी जिथं नुसतं पुसट होतं तिथं आता तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे ओळीनं बसलेले दिसत होते. एकावर दाबलं. एकशे दहा. दुसऱ्यावर दाबलं. दोनशेच्या पुढं. मला माऊस सोडून द्यायचा होता. माझा हात थांबला की ती मागून म्हणायची, "अजून हाय." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आवाजाला धार होती. तिसऱ्यांदा नव्हती. शेवटी तीही नुसती आकड्याकडं बघत होती.

चारशे बारा.

"संपलं," ती म्हणाली. "आता खाली नाव टाका. कुणी मोजलं ते."

मी तिच्याकडं पाहिलं. ती पडद्याकडंच बघत होती. मी एका बोटानं एकेक अक्षर शोधत माझं नाव टाकलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ते रिपोर्टवर आलं, आणि त्याच्या वर अण्णांचं नाव होतं आणि तो आकडा.

काचेपलीकडं अण्णा अजून पाठीवर पडून होते. त्यांना उठायला सांगायचं आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं. छताकडं बघत त्यांनी विचारलं, आणि स्पीकरमधून ते आम्हाला ऐकू आलं.

"बाई, झालं का? आता तर च्या चालंल ना?"

मी माईकचं बटण दाबलं. चार भाषा येणाऱ्या माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. पोरगी माझ्या खांद्यावरून वाकली आणि तिच्या त्या रोजच्या आवाजात बोलली.

"मामा, जरा पडून राहा. तुमची बहीण यायलीय आत."

मी खुर्चीवरून उठले.